३७ टक्के यील्ड पाहून एफडी मोडायची?

कराडकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "एफडीत सात टक्क्यांवर पैसे कुजवण्यापेक्षा वेदांताचे शेअर घ्या, ३७ टक्के यील्ड आहे, डिव्हिडंडवर घर चालतं." खाली निवृत्तीचा पैसा घेऊन बसलेली माणसं "आणखी नावं सांगा" म्हणून विचारतायत. म्हणून गप्प बसवत नाही. यील्ड म्हणजे वर्षाचा लाभांश शेअरच्या भावाच्या किती टक्के, एवढंच.

२०२२-२३ मध्ये वेदांताने पाच हप्त्यांत शेअरमागे ₹१०१.५० दिले, खरं आहे. मार्चअखेर भाव ₹२७५ च्या आसपास, म्हणून ३७ टक्के. पण त्या वर्षी शेअरमागे कमाई तिशीच्या आतच होती. बाकीचे साठवणीतून काढून वाटले, कारण लंडनच्या मूळ कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि लाभांशाचा मोठा वाटा तिलाच जातो. पुढच्या वर्षी लाभांश आला ₹२९.५०. स्क्रीनवरचं यील्ड सरलेल्या बारा महिन्यांचं असतं, ते आज घेणाऱ्याच्या हातात पडत नाही.

इतिहास बघायचा तर वाईट वर्षी काय दिलं ते बघा. कोल इंडिया दरवर्षी देते म्हणून सगळे सांगतात. २०१३-१४ ला ₹२९, २०१९-२० ला ₹१२, २०२३-२४ ला ₹२५.५०. ज्याचं घर त्या ₹२९ वर बेतलं होतं त्याने मधली वर्षं काय करायचं?

सांगलीचा_सदा
ते लिहिणारा मीच. अर्धंच सांगू नका. ₹२७५ ला घेतलेल्याला पुढच्या दोन वर्षांत ₹२९.५० आणि ₹४३.५० मिळाले, वर मार्च २०२५ ला भाव ₹४५० च्या पुढे. दाखवा अशी एफडी.

कराडकर
मग भाव वाढला म्हणा, यील्ड कशाला म्हणता? ₹२७५ वर ₹२९.५० म्हणजे पावणेअकरा टक्के. सप्टेंबर २०२३ मध्ये भाव ₹२२५ च्याही खाली होता. त्या महिन्यात कुणाच्या घरी ऑपरेशन निघालं असतं तर?

माधवी_ठाणे
दोघंही कर विसरलात. १ एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरतात. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हातात किती उरतं ते आधी मांडा. आणि "उद्या एक्स-डेट, आजच घ्या" सांगणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही. त्या सकाळी साधारण तेवढाच भाव उतरतो, कर मात्र भरावा लागतो. पेपरातले "२०० टक्के लाभांश" मथळेही तसेच. ती टक्केवारी बाजारभावावर नसते, शेअरच्या दर्शनी म्हणजे कागदावरच्या मूळ किमतीवर असते. ती एक रुपया असेल तर मिळतात दोन रुपये!

आबा_नाशिक
लाभांश खात्यात येतोय का ते आधी बघा. सलग सात वर्षं उचलला नाही तर शेअरसुद्धा आयईपीएफकडे, म्हणजे बेवारस लाभांश-शेअर ठेवणाऱ्या सरकारी निधीकडे जातात. वडिलांचे कागदी शेअर तसेच गेले. सर्टिफिकेटवर दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय. कंपनीच्या शेअरनोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारने प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग सही जुळत नाही म्हणाले. माणूस गेल्यावर सही कुठून जुळवून आणू?

रत्नागिरीकर
आमच्या सासूबाईंचंही तेच. बँक विलीन झाली, आयएफएससी बदलला, लाभांश परत जात राहिला आणि घरात कुणाला पत्ता नाही.

सांगलीचा_सदा
विषय यील्डचा आहे. कागद स्वतः सांभाळायचे नाहीत आणि मग रडायचं.

आबा_नाशिक
तोंड सांभाळून बोला. वडील शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं औषधपाणी बघायचं की लाभांशाची वॉरंटं, म्हणजे चेकसारखे कागद, शोधत बसायचं? तुमच्या पोस्टमुळे जे आज शेअर घेतील त्यांच्या पोरांवर हीच वेळ येणार. वारस नोंद केलीय का, हे एकाला तरी विचारलंत?

माधवी_ठाणे
आबांचं बरोबर आहे, डीमॅटला नॉमिनी लावल्याशिवाय यील्डच्या गप्पा करू नका. आबा, शेअर परत मागायचा आयईपीएफ-५ फॉर्म भरण्याआधी कंपनीकडून हक्कपत्र, म्हणजे शेअर तुमचे असल्याचं पत्र, घ्या, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

सांगलीचा_सदा
आबा, वडिलांवरून बोललो नव्हतो, तरी लागलं असेल तर शब्द मागे घेतो. पोस्टमध्ये ₹१०१.५० एकाच वर्षाचे होते असं घालतो, कराडकरांचं समाधान होऊ दे. एफडीचं व्याज महागाई खाते, हे मात्र मी सोडणार नाही.

कराडकर
ते मी कधी नाकारलं? ज्यांनी नावं विचारली त्यांना उत्तर द्या, त्या वर्षी कमाई किती होती ते सांगून.

आबा_नाशिक
माधवीताई, रजिस्ट्रार आता वारसा प्रमाणपत्र मागतोय. शेअरचं मूल्य पाच लाखांच्या आत आहे. कोर्टात जावंच लागेल का?

माधवी_ठाणे
नाही. कागदी शेअरना पाच लाखांपर्यंत सूट आहे, शेअरबाजाराची नियामक सेबी, तिने २०२२ मध्ये मर्यादा वाढवली. बंधपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागेल. त्यांना लेखी विचारा, फोनवर नको.