दोन खोल्यांच्या शाळेतला तुमचा मजेचा तास सांगा

इंदूरच्या मराठी घरांतून सांवेर, देपालपूर, महूकडच्या खेड्यांत शिकवायला गेलेली माणसं पुष्कळ. सकाळच्या बससाठी डबा घेऊन धावणारी एक तरी मावशी ओळखीत निघतेच. तर सांगा, तिथे पोरं कशात रमली? बदल्या आणि जनगणनेच्या ड्यूटीची रडगाणी पुन्हा कधीतरी.

सुदामानगर, निवृत्त शिक्षिका

पितृपक्षात माझ्या मुली हमखास उशिरा यायच्या, ओंजळीत तेरडा नि गुलबक्षी घेऊन. माळव्यात भाद्रपदी पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, पाकळ्यांनी सजवतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याची मावसबहीणच म्हणा. दोन वर्षं मी उशिरावरून ओरडले. तिसऱ्या वर्षी म्हटलं, शाळेच्या मागच्या भिंतीवरच मांडा बायांनो.

आठ पाकळ्यांचं फूल मांडायचं होतं आणि पाकळ्या काही सारख्या येईनात. चौथीतल्या एकीने जुन्या पेपरचा गोल कापला, दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा एकदा. उलगडला तर बरोब्बर आठ भाग. अर्धा, पाव, अर्धपाव मी महिनाभर फळ्यावर घासत होते, ते शेणाच्या हातांनी पाच मिनिटांत झालं. मुलगे लांबूनच बघायचे, संजा मुलींची ना! पण शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, मांडायची वेळ आली, तेव्हा बाजू मोजायला सुतळी घेऊन तेच पुढे.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब. "मैडम, दीवार पे ये गोबर किसने पोता?" मी त्या पेपरवालीला पुढे केलं, तर तिने भीतीने तोंडच उघडलं नाही. शेरा मिळाला तो मिळालाच.

राजेंद्रनगर, शिक्षक

हाटाच्या दिवशी आमची निम्मी शाळा गायब. आईबरोबर भाजी विकायला. म्हणून वर्गातच हाट भरवला. वजनं म्हणजे विटांचे तुकडे, किराणावाल्याकडून तोलून, घासून पाव किलो, अर्धा किलो असे केलेले. तराजू दोन झाकणं आणि सुतळीचा. मुलांना सवा, डेढ, ढाई तोंडपाठ, पण 1.25 लिहिलं की गप्प. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे पाठ होते, त्यांना ही पोरं आवडली असती.

एका बहाद्दराने झाकणाखाली ओली माती चिकटवली. काटा मारायची विद्या मी शिकवली नव्हती! गिऱ्हाईक पोरगी तिसरीतली. तिने चिंचा आणि वजन यांची नुसती अदलाबदल केली. काटा लगेच दुसरीकडे कलला. खोट्या तराजूची इतकी सोपी परीक्षा मला बी.एड.लाही कोणी सांगितली नव्हती. पोरीने भरपाई म्हणून मूठभर चिंचा जास्त घेतल्या, तेही तिथल्या तिथे.

रामबाग, माजी विद्यार्थी

आमच्या शाळेत मजा म्हणजे 15 ऑगस्टचा लाडू आणि शनिवारची बालसभा. बालसभेत मी तीन वर्षं एकच कविता म्हटली. माटसाब दरवेळी टाळ्या वाजवायचे.

महू, सध्या नोकरीत

माझी पहिली नेमणूक, पहिलीचा वर्ग. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, आणि समोर सगळी माळवी बोलणारी पोरं, म्हारो-थारो वाली. पहिल्या आठवड्यात एक चिमुरडी पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "बई, देखो." मी हरखलेच. आपल्याकडे शाळेत बाई म्हणतात तसं इथे कोणी शिकवलं हिला? घरी फोन करून आईलाही सांगितलं.

दोन दिवसांनी स्वयंपाकवाल्या दीदीने हसत खुलासा केला. माळवीत बई म्हणजे आई. पोरीची चूक झाली होती, तिला कळल्यावर ती लाजून दिवसभर बाकाखाली.

मग मी भिंतीवर तक्ताच लावला, एका चित्राखाली तीन शब्द: माळवी, हिंदी, मराठी. माळवीचा रकाना पोरं सांगतात, मी लिहिते, आणि माझा उच्चार चुकला की अख्खा वर्ग मला सुधारतो. ती चिमुरडी सगळ्यात मोठ्याने.