प्रयोगशाळेतला दिवाणखाना: संशोधन की देखावा?

दिवाभीत (धागालेखक)
इल्युमिरूमचा जुना व्हिडिओ परवा पुन्हा पाहिला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने 2013 साली दाखवलेला प्रयोग. टीव्हीसमोरच्या टेबलावर प्रोजेक्टर आणि किनेक्ट, म्हणजे वस्तू किती लांब आहेत ते ओळखणारा कॅमेरा. कॅमेरा आधी खोलीची खोली मोजून घेतो (विनोद माझा नाही, भाषेचा आहे), मग गेम टीव्हीच्या चौकटीबाहेर सांडतो. फर्निचरवर बर्फ पडतो, स्फोट झाला की भिंत लहरते. अजूनही आ वासून बघावं असं आहे.

तरी माझं मत: हा देखावा. व्हिडिओत कोणी पडदा उघडून ऊन आत घेत नाही, प्रोजेक्टर आणि भिंतीच्या मधून कोणी चहा घेऊन जात नाही. बाजारात ते आलंच नाही. 2014 मध्ये त्याचाच पुढचा अवतार, रूमअलाइव्ह आलं, त्यात प्रोजेक्टर-कॅमेऱ्याच्या सहा जोड्या! एक घरात मावेना, म्हणून सहा? आधी कोणाच्या तरी घरात महिनाभर चालवा, मग दाखवा.

निरगाठ
साफ असहमत. विकलं गेलं नाही म्हणजे फुकट गेलं, हा दुकानदाराचा हिशोब झाला. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेने 1968 मध्ये लिक्विड क्रिस्टलचा डिस्प्ले, म्हणजे एलसीडी, जगाला दाखवला. जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांचं काम. कंपनीने तो धंदा वाढवला नाही. 1973 मध्ये शार्पने खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरला एलसीडी लावला. ओएलईडीचंही (स्वतःच उजळणारे पडदे) तसंच. कोडॅकमधल्या तांग आणि व्हॅन स्लाइक यांचा शोधनिबंध 1987 चा, आणि 2009 मध्ये कोडॅकने तो व्यवसाय एलजीला विकून टाकला. हा धागा तुम्ही ज्या पडद्यावर वाचताय, तो बहुधा या दोन घराण्यांपैकीच एकातला.

दिवाभीत
पण पडदा हा सुटा भाग आहे. तो कुठेही बसतो, वापरणाऱ्याला काही बदलावं लागत नाही. मी बोलतोय ते माणसांनी घरात वागायचं कसं हे ठरवणाऱ्या यंत्रांबद्दल. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीचा पिक्चरफोन आठवा, बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारा फोन. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात मिरवला, 1970 मध्ये पिट्सबर्गमध्ये सेवा सुरू झाली, महिना 160 डॉलर. कोणी घेतला?

निरगाठ
आणि आज व्हिडिओ कॉल कोण करत नाही? समोरच्याकडे पिक्चरफोनच नसेल तर 160 डॉलर मोजून बघायचं कोणाला? कल्पना ठीक होती, जाळं नव्हतं.

कोपऱ्यातली खुर्ची
दोघंही चकचकीत उदाहरणंच घेताय. मायक्रोसॉफ्टच्याच केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेने 'व्हेअरअबाउट्स क्लॉक' केलं होतं. घरात ठेवायचं घड्याळ, पण वेळ नाही, माणसं दाखवणारं. घरी, ऑफिसात, शाळेत. यातलं कुठेच नसेल तर मधल्या भागात. बस्स. मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज, नकाशा नाही, गल्लीचं नाव नाही.

हे त्यांनी खऱ्या कुटुंबांच्या घरात ठेवून पाहिलं. आणि कळलं काय, तर घरच्यांना कोण कुठे आहे हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. तरी ते बघायचे. सगळं रोजच्यासारखं चाललंय ना, एवढं डोळ्यांना दिसलं की बरं वाटायचं. ही गोष्ट स्टेजवरच्या डेमोतून सापडली नसती. म्हणून धागालेखकाची 'महिनाभर चालवा' ही अट मला मान्य आहे, फक्त 'विकलं नाही' हा मुद्दा त्यांनी मागे घ्यावा. हे घड्याळ तरी कुठे विकलं गेलं?

मला तर त्यात सगळ्यात आवडतं ते त्याचं अर्धवट आंधळेपण. आजची लोकेशन ॲप्स गल्लीबोळापर्यंत दाखवतात आणि मग भांडणं होतात.

निरगाठ
घड्याळाला +1. पण 'आधी घरात चालवा, मग दाखवा' याला अजूनही नकार. सहा प्रोजेक्टर कोणाच्या घरासाठी नव्हतेच, अख्खी खोली पडदा झाली तर काय होतं ते बघायला होते. टोकाला गेल्याशिवाय कुठे थांबायचं ते कळत नाही.

दिवाभीत
'विकलं नाही' मागे घेतो. पण थांबायचं कुठे ते कळायला टोक लागतंच असं नाही. फिलिप्सचा अँबिलाइट टीव्ही 2004 मध्येच बाजारात आला होता, इल्युमिरूमच्या नऊ वर्षं आधी. भिंतीवर नुसता रंगीत उजेड. खोली मोजायला नको, टेबलावर यंत्र नको, मधून कोणी चहा घेऊन गेलं तरी चालतं.