खिशातला फोटो प्रिंटर: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीत भाच्याने मला हा प्रिंटर दिला. जेमतेम मोबाइलएवढा. फोनला ब्लूटूथने जोडायचा, फोटो निवडायचा, मिनिटभरात २ बाय ३ इंचाची प्रत बाहेर. शाई भरायची भानगडच नाही. पिवळा, किरमिजी आणि निळा असे तीन रंग कागदातच थरांनी असतात, प्रिंटर फक्त कमीजास्त उष्णता देतो. आईला तोच फोटो फोनवर चारदा दाखवला होता, दरवेळी "छान आहे" म्हणून मोकळी. छापून हातात दिला तर चष्मा शोधायला उठली. तुमच्याकडे असेल तर लिहा. कौतुकच हवं असं नाही.

कोल्हापूरहून
माझ्या कागदाच्या पाकिटात एक निळं कार्ड होतं. पॅकिंगचा पुठ्ठा समजून मी ते फेकलं. मग सगळ्यांचे चेहरे हिरवट! ते कार्ड आधी आत जाऊ द्यायचं असतं, त्यावरून प्रिंटर त्या पाकिटाचे रंग जुळवतो, हे नंतर कळलं.

लोणंदजवळून
माउलींची पालखी आमच्याकडून जाते. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं, त्या दिवशी आम्ही मित्र चहा वाटतो. गेल्या आषाढात प्रिंटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना विचारलं, "माउली, फोटो काढू का?" म्हणाल्या, "काढत्यात समदी, देत कुनी न्हाई." तिथेच छापून दिला. ओल्या हाताने घेईनात. आधी पदराला हात पुसले, मग घेतला. मागचा कागद सोलला की चिकटतो म्हटल्यावर पिशवीतून हरिपाठाचं पुस्तक काढलं आणि आतल्या पानावर मलाच चिकटवायला लावला. तेवढ्यात मागे रांग लागली. २० कागद होते, सतराव्याला बॅटरी संपली. अठरावे काका चहा न घेताच पुढे गेले, ते अजून डोळ्यांपुढे आहेत. पॉवर बँक घरी राहिली होती, दुसरं काय!

टोरंटोहून
माझा प्रिंटर इन्स्टॅक्स मिनी फिल्मचा. त्याची रीत निराळी: आत फिल्मवर उजेड पडतो आणि बाहेर आल्यावर चित्र हळूहळू उमटतं. जानेवारीत अंगणात छापले तर सगळे निळसर, फिके. आता बाहेर आला की लगेच जॅकेटच्या आत. एकदा मुलाने उत्सुकतेने मागचं झाकण उघडलं, दोन फिल्म पांढऱ्याफटक. भारतात येताना फिल्म मोठ्या बॅगेत टाकत नाही, तिथला एक्स-रे जास्त कडक. हातातल्या सामानात ठेवते आणि हाताने तपासा म्हणून विनंती करते. कधी ऐकतात, कधी नाही.

डोंबिवलीहून
विकला. साखरपुड्यात पाहुण्यांना देऊ म्हणून चार पाकिटं आणली, पोरांनी मांजराचे कान लावून लावून तासाभरात संपवली. तेवढ्या पैशांत नाक्यावरचा स्टुडिओवाला ४ बाय ६ चे ढीगभर काढून देतो, तेही दिसतील असे.

नाशिकहून
मुलगी दहावीला. तिच्याकडे काळापांढरा, बिलाच्या कागदावर छापणारा आहे. विज्ञानाच्या वहीत आकृत्या चिकटवते, काम झकास होतं. फक्त वर्षअखेरीस त्या फिकट व्हायला लागल्या म्हणून मी शहाणपणा करून चांगल्या चार लॅमिनेट करायला दिल्या. दुकानदाराने मशीनमधून काढल्या त्या कुळकुळीत काळ्या. तो कागद उष्णतेनेच काळा होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेक दोन दिवस बोलत नव्हती.

धागा काढणारी
अहो, हे आधी सांगायचं ना! आईचा तो फोटो आज सकाळीच लॅमिनेशनला टाकलाय. दुकान आठला बंद होतं, निघाले.