एका खोलीत बसलो असलो, तरी फळा डिजिटलच हवा

फळेकरी
आमच्या टीममधले निम्मे लोक घरून काम करतात, त्यामुळे नव्या कामाचा विचार डिजिटल व्हाइटबोर्डवरच होतो, म्हणजे सगळ्यांना आपापल्या स्क्रीनवर दिसणाऱ्या एकाच फळ्यावर. आता माझं ठाम मत झालंय की सगळे एका टेबलाभोवती असलो तरी हाच फळा वापरावा. तिथे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येतं, हे त्याचं खरं बळ.

तोंडी चर्चेत एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरतं, नाहीतर 'जाऊ दे, एवढं काही विशेष नाही' म्हणून माणूस ते गिळून टाकतो. ब्रेनस्टॉर्मिंगची, म्हणजे एकत्र बसून सुचेल ते मांडत जाण्याची पद्धत रूढ केली जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बर्न यांनी. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली, तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त निघाली. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून त्याचं मोठं कारण दाखवलं: पाळीची वाट पाहणं. डिजिटल फळ्यावर पाळीच नसते.

तिरपी रेघ
पाळी नसते, पण पहारा असतो! आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी डिजिटल फळ्यावर चिठ्ठी लिहीत होती: 'ग्राहकाला हे फीचर नकोच आहे'. तेवढ्यात मॅनेजरांचा नाव लिहिलेला कर्सर तिच्या चिठ्ठीपाशी येऊन थांबला. एकेक अक्षर मागे गेलं आणि चिठ्ठी कोरी झाली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. महिनाभराने ग्राहकाने तेच सांगितलं. तोंडी चर्चेत निदान अर्धवट वाक्य कुणाच्या कानावर तरी पडलं असतं.

फळेकरी
@तिरपी रेघ, वाचून वाईट वाटलं. पण हा दोष बैठक चालवणाऱ्याचा आहे. मिरो या डिजिटल फळ्याच्या ॲपमध्ये प्रायव्हेट मोड असतो, त्यात वेळ संपेपर्यंत दुसऱ्याच्या चिठ्ठीतला मजकूर दिसतच नाही. आम्ही सात मिनिटांचा टायमर लावतो, सगळे गप्प राहून लिहितात आणि मग चिठ्ठ्या उघडतात. मतदानही तसंच, निकाल शेवटी.

गाळणी
लिहून घेणं सोपं हो, पुढचं काय? दीडशे चिठ्ठ्या जमतात. त्यातल्या वीसांवर 'संवाद वाढवणे' असलं काहीतरी, ज्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पूर्ण फळा दिसावा म्हणून झूम आठ टक्क्यांवर आणला की सगळ्या रंगीत ठिपक्यासारख्या दिसतात. भिंतीवरच्या फळ्याला कड असते. जागा संपली की काय पुसायचं यावर भांडावं लागतं, आणि माझ्या अनुभवात निर्णय त्या भांडणातच होतात. अमर्याद कॅनव्हासवर कुणी काही पुसत नाही. बैठक संपते, लिंक चॅटमध्ये वर सरकत जाते, फळा परत कुणी उघडत नाही.

आणि डिजिटल फळ्यावर 'सगळं जपून राहतं' असं म्हणतात, त्याचाही भरवसा नको. गूगलचा जॅमबोर्ड हा असाच डिजिटल फळा १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त बघण्यापुरता उरला आणि ३१ डिसेंबरला बंद झाला. ज्यांनी वेळेत आपले फळे दुसरीकडे हलवले नाहीत, त्यांची पंचाईत झाली.

तिरपी रेघ
गाळणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. शिवाय फोनवरून सामील झालेल्याला त्या फळ्यावर धड काही वाचताही येत नाही. तो निमूटपणे ऐकत बसतो.

फळेकरी
फोनचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पसाऱ्याचा मुद्दाही पटला. पण म्हणून परत पाळीपाळीने बोलायला मी तयार नाही. जो गप्प माणूस दोन वर्षांत बैठकीत एकदाही बोलला नव्हता, त्याच्या चिठ्ठीवरून आमचं सध्याचं काम सुरू झालंय. पुढच्या बैठकीत फळ्यावर एक चौकट आखतो, बारा चिठ्ठ्या मावतील एवढीच. लिहायचं डिजिटल फळ्यावर, गप्प राहून. चौकटीत काय ठेवायचं यावर मात्र तोंडाने भांडू. कसं झालं ते इथेच लिहीन.