प्रदेशाचे आकडे आणि व्यक्तींविषयीचे निष्कर्ष

प्रदेशनिहाय सरासरी हाताशी असेल तर घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेण्याची गरज उरत नाही, असे एक मत मांडले जाते. मला ते मान्य नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते की, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी (सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध उणे १ ते अधिक १ या मापात सांगणारा आकडा, सुमारे उणे ०.५३) असे दिसत असले, तरी व्यक्तिनिहाय माहितीत हाच संबंध उलटतो आणि सुमारे अधिक ०.१२ इतका निघतो, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. कारण स्थलांतरित प्रामुख्याने अशा राज्यांत स्थायिक झाले होते, जिथे देशातच जन्मलेले रहिवासी अधिक साक्षर होते. दोन्ही आकडे बरोबरच होते. राज्याविषयीचे विधान व्यक्तीला लागू केले की मात्र अर्थ चुकतो, आणि ही चूक अनुभवी अभ्यासकांकडूनही होते. त्यामुळे संशोधनप्रश्न व्यक्तीच्या वर्तनाविषयी असेल, तर माहिती कोणत्या पातळीवर गोळा करायची हे विश्लेषणाला बसल्यावर नव्हे, तर प्रश्नावली तयार करण्यापूर्वीच ठरवायला हवे. सेवांची उपलब्धता किंवा निधीवाटप अभ्यासायचे असेल, तर अर्थातच प्रदेशनिहाय आकडेच अधिक उपयुक्त ठरतात.