किट कारची टेस्टिंग चालू आहे, आधी काय बघायचं? ब्रेक, ऑइल की सेटअप?

चौघांचं_गॅरेज

नमस्कार मंडळी. आम्ही चौघा मित्रांनी मिळून सेव्हन टाइपची (जुन्या लोटस सेव्हनसारखी, छोटी आणि हलकी) किट कार, म्हणजे भाग जमवून घरी जोडायची गाडी, बांधलीय. डोनर पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर), हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) सगळं तिचंच, चासी ट्यूबची. ड्रायव्हर धरून वजन साधारण साडेसहाशे किलो. पुढच्या सीझनला हौशी रेसमध्ये उतरायचं ठरलंय म्हणून सध्या ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळणारे दिवस) करून गाडी तयार करतोय.

रस्त्यावर गाडी एकदम झकास, पण ट्रॅकवर जरा दाबून चालवली की तीन गोष्टी होतात. लांब आणि वेगात घ्यायच्या कॉर्नरला मधोमध नाक बाहेर पळतं, स्टिअरिंग अजून वळवलं तरी काही फरक नाही. दुसरं, काही लॅपनंतर ब्रेक पेडल खोल जायला लागतं. तिसरं, लांब डाव्या वळणावर ऑइल प्रेशरचा काटा क्षणभर खाली येतो आणि गाडी सरळ झाली की परत वर.

आता चौघांची चार मतं. एक म्हणतो पुढचा अँटी रोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारा दांडा) मऊ करू, एक म्हणतो सरळ सॉफ्ट कंपाउंडचे, म्हणजे मऊ चिकट रबराचे टायर टाकू, एकाला डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) फिरवायचेत आणि मला वाटतं की हे सगळं एकाच दिवशी केलं तर संध्याकाळी हातात काही लागणार नाही. टायर प्रेशर चारही चाकांना थंड असताना २६ पीएसआय आहे. पुढच्या टेस्टिंगला दिवसाची आखणी कशी करावी, कोणी कुठलं काम घ्यावं, कृपया सविस्तर सांगा.

पाना_तेरा

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ऑइल. काटा खाली येतोय याचा अर्थ वळणात ऑइल समच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतंय आणि पिकअप (पंपाला ऑइल ओढून देणारी नळी) त्या क्षणी हवा ओढतोय. बेअरिंगला ऑइलचा थर मिळाला नाही तर वरच्या आरपीएमला ते खराब व्हायला एक-दोन सेकंद पुरतात, आवाज मात्र नंतर कधीतरी येतो. त्यामुळे 'क्षणभरच तर येतो' असं म्हणून चालवू नका.

किट कारमध्ये हे जास्त होतं कारण इंजिन खाली बसवायला आणि ग्राउंड क्लिअरन्स मिळवायला बरेच जण सम कापून उथळ करतात, म्हणजे ऑइलही कमी आणि पसरायला जागा आडवी. तुमचा सम कापलेला आहे का ते सांगा. उपाय म्हणजे आत दारं असलेलं बॅफल (समच्या आतला आडपडदा), ऑइल एका बाजूला गेलं तरी पिकअपभोवतीचं तिथंच अडकून राहतं. त्यानेही भागलं नाही तर प्रेशरखाली ऑइल साठवणारा अॅक्युम्युलेटर. ड्राय सम, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणं, हा शेवटचा आणि सगळ्यात कामाचा इलाज पण तुमच्या पातळीला एवढ्यात गरज नाही.

अजून एक, रस्त्यावरच्या गाड्यांचा ऑइलचा दिवा बहुतेक अगदीच कमी प्रेशरला लागतो, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. २० पीएसआयच्या आसपास चालू होणारा स्विच घ्या आणि मोठा लाल दिवा डॅशवर अगदी नजरेसमोर लावा. वळणात काट्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो.

आणि सॉफ्ट टायरवाल्या मित्राला एवढंच सांगा की ग्रिप वाढली की वळणातला जोरही वाढतो, म्हणजे ऑइल अजून वर चढणार. ऑइलचं काम झाल्याशिवाय चिकट टायर अजिबात नको.

तिसरा_गिअर

पाना_तेरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी ब्रेकचं सांगतो कारण 'पेडल खोल जातं' असं म्हणताना लोक तीन वेगळे आजार एकत्र करतात आणि तिन्हीचं औषध वेगळं.

पेडल कडक आहे, पाय नेहमीच्याच जागी थांबतोय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून फेड झालेत, म्हणजे त्यांची पकड गेलीय. पेडल स्पंजसारखं लागतं, दाबत गेलं की अजून आत जातं, तर फ्लुइड उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. डॉट ४ फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत टिकायला हवं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. त्यामुळे ट्रॅकच्या गाडीत फ्लुइड किती चाललं यापेक्षा किती जुनं झालं ते बघायचं. डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं असतं, चुकूनही एकात एक मिसळू नका.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. वेगवान कॉर्नरनंतर पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खोल जातं पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की एकदम नेहमीसारखं. हा फ्लुइडचा दोष नाही. हब किंवा बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असला की वळणाच्या जोराने डिस्क तिरकी होते आणि पॅडना मागे ढकलते, मग पुढच्या ब्रेकिंगला आधी ती फट भरून काढण्यातच अर्धं पेडल जातं. गाडी जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवून बघा, खट्ट लागलं तर बेअरिंग. एमएक्स-५चं पुढचं हब बेअरिंग अॅडजस्ट होत नाही, पूर्ण हबच बदलावं लागतं.

तुमचं नक्की कुठलं ते आधी सांगा. डोनर गाडी हजार किलोच्या जवळपास होती, तेच ब्रेक आता साडेसहाशे किलोला लावलेत, त्यामुळे मोठ्या डिस्क आणि महागड्या कॅलिपरच्या मागे लागायचं कारण मला तरी दिसत नाही.

वहीवाला

तुम्ही स्वतःच उत्तराच्या जवळ आला आहात, एका दिवशी सगळं बदललं तर हातात काही लागत नाही हे अगदी खरं. टेस्टिंग म्हणजे गाडीला प्रश्न विचारणं, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारला तरच उत्तर कळतं. माझ्या मते चौघांनी मिळून रेसची तयारी करताना सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही, बाकी पार्ट नंतर.

पद्धत अशी ठेवा. सकाळी जसा आहे तसा सेटअप घेऊन काही लॅप मारा, आकडे लिहा. मग एकच गोष्ट बदला, परत तेवढेच लॅप. आणि मग ती गोष्ट पहिल्यासारखी करून पुन्हा तेवढेच लॅप, हा तिसरा भाग नव्वद टक्के लोक गाळतात. टायर दिवसभर बदलत असतो, ट्रॅक तापतो, ड्रायव्हरला लय सापडते, त्यामुळे दुसऱ्या वेळी गाडी बरी वाटली ती बदलामुळे की वेळेमुळे हे तिसऱ्या फेरीशिवाय कळूच शकत नाही. पहिली आणि तिसरी फेरी जुळली तर मधल्या निकालावर विश्वास ठेवा. नाही जुळली तर तो निकाल सोडून द्या, कितीही आवडला असला तरी.

वहीत वेळ, हवा, इंधन किती, कोण चालवतंय, थंड प्रेशर, गरम प्रेशर आणि प्रत्येक टायरची तीन तापमानं, आतली कड, मध्य, बाहेरची कड. त्यासाठी सुईवाला पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) घ्या, नुसता पृष्ठभाग वाचणारा नको, कारण पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंत थंड झालेला असतो. गाडी थांबली रे थांबली की एकाने सुई रबरात रुतवायची, आकडा स्थिर झाला की मोठ्याने ओरडायचा, दुसऱ्याने लिहायचा, आणि दर वेळी सुरुवात त्याच टायरपासून, सगळ्यात जास्त भार घेणाऱ्या बाहेरच्या पुढच्या चाकापासून. यात एक अडचण येते, ब्रेकसाठी कूल डाउन लॅप हवा आणि तोच लॅप टायरची तापमानं पुसून टाकतो. म्हणून मोजायच्या फेरीला सरळ आत यायचं, आकडे घ्यायचे आणि मग ब्रेक थंड करायला परत एक हळू लॅप मारून यायचं. हे ऑर्गनायझरला आधी सांगून ठेवा. आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गरम पॅड डिस्कला चिकटून बसतात, चाकाला लाकडी ठोकळा लावा.

आता तुमच्या नाकाचं. २६ पीएसआय हा एमएक्स-५च्या स्टिकरवरचा आकडा आहे, तो त्या गाडीच्या वजनासाठी. तुमच्या वजनाला टायर फुग्यासारखा मधून वर येत असणार, म्हणजे जमिनीला लागतोय तो मधला पट्टाच. मध्याचं तापमान दोन्ही कडांपेक्षा जास्त आलं तर हेच कारण. थंड १८ पासून सुरू करा आणि गरम झाल्यावर तीन आकडे सांगतील तसं जुळवा. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडीशी गरम असली तर कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) बरोबर, बाहेरची जास्त गरम असली तर पुढे अजून निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाची वरची बाजू अजून आत झुकलेली हवी. अँटी रोल बारचा नंबर त्यानंतर. डॅम्पर तर सगळ्यात शेवटी, आणि ते फिरवताना आधी पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा, नाहीतर चारही वेगवेगळे होऊन बसतील आणि परत मूळ जागी येता येणार नाही.

कामाची वाटणी: टेस्टिंगच्या फेऱ्यांना ड्रायव्हर एकच. हे मित्रांमध्ये जड जातं कारण गाडी चौघांची आणि चालवायची हौसही चौघांना, पण ड्रायव्हर बदलला की वजन बदलतं, सवय बदलते, आकडे निरुपयोगी. दुपारपर्यंत एकाने टेस्टिंग करावी, नंतर सगळ्यांनी मनसोक्त चालवावी. पुढच्या वेळी दुसरा ड्रायव्हर.

निळा_झेंडा

वहीवाल्यांच्या प्रतिसादात एक भर. ट्रॅक डे आणि टेस्ट डे यातला फरक समजून घ्या. बऱ्याच ट्रॅक डेला स्टॉपवॉच किंवा लॅप टायमर चालत नाही, कारण टायमिंग सुरू झालं की इन्शुरन्सच्या भाषेत ती स्पर्धा ठरू शकते. ओव्हरटेकिंगही एकाच बाजूने आणि पुढच्याने वाट दिली तरच. टायमिंग पाहिजे तर टेस्ट डे बुक करा. तोपर्यंत सोपा उपाय, कॉर्नरनंतरच्या सरळ रस्त्यावर एक ठरलेली खूण पकडा आणि तिथं किती आरपीएम आले तेवढं लक्षात ठेवा. सेव्हन टाइपची गाडी हवेत खूप अडते, त्यामुळे सरळ रस्त्यावर तुम्ही फार काही कमावणार नाही, कॉर्नरमधून बाहेर पडताना मिळालेला वेगच खरा, आणि तो त्या खुणेवर दिसतो.

१९५७ ला लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन आणली तेव्हापासून या गाडीचा सगळा जीव हलकेपणात आहे. १९७३ ला केटरहॅम कंपनीने ती बनवायचे हक्क घेतले तरी मूळ कल्पना तीच राहिली. ब्रिटनमध्ये ७५० मोटर क्लबच्या लोकॉस्ट (स्वस्तात बांधलेल्या सेव्हन टाइप गाड्यांच्या) रेसमध्ये १३०० सीसीच्या जुन्या फोर्ड इंजिनवर लोक काट्याची टक्कर देतात. म्हणून सांगतो, इंजिनची ताकद वाढवायच्या नादी आत्ता लागू नका.

रेसची तयारी करताय तर स्क्रुटिनीयरिंगचंही (रेसआधी होणाऱ्या गाडीच्या तपासणीचंही) आत्ताच बघा. बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच आणि त्याचा निळ्या त्रिकोणातला लाल विजेचा स्टिकर, ऑइल कॅच टँक (इंजिनातून बाहेर आलेलं ऑइल गोळा करणारी टाकी), घट्ट बांधलेली बॅटरी, थ्रॉटलची जादा रिटर्न स्प्रिंग, मागचा रेन लाइट. बसून बघा, हेल्मेटसकट डोकं रोल बारच्या खाली राहतंय ना. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, सरळ खाली जमिनीकडे ओढलेले असतील तर धडकेत सगळा भार मणक्यावर येतो. याबाबतीत कुठेही तडजोड करू नका, कळकळीने सांगतोय.

चौघांचं_गॅरेज

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावलंय. टेस्टिंग करून आलो, थोडक्यात सांगतो.

सम कापलेलाच होता. बॅफल बसवलं, मोठा दिवा लावला, पूर्ण दिवसात तो एकदाही लागला नाही. ब्रेकचं तिसऱ्या_गिअरने सांगितलेलं तिसरं प्रकरण निघालं, पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला ठीक. पुढचं उजवं चाक हलवल्यावर हाताला स्पष्ट खट्ट लागलं. दिवसभर टेस्टिंगचा ड्रायव्हर कॉर्नरनंतर सरळ रस्त्यावर डाव्या पायाने पेडलला हलका टॅप करून घेत होता, त्यावर भागलं पण हबची जोडी बदलणार आहोत.

प्रेशरची फेरी २६, १८ आणि परत २६ अशी केली. २६ ला पुढच्या बाहेरच्या टायरचा मध्य सगळ्यात गरम, १८ ला तिन्ही आकडे जवळ आले आणि नाक खूपच कमी पळालं, परत २६ केल्यावर तक्रार जशीच्या तशी. चौघांचाही वाद तिथंच मिटला. आता १८ वर लांब कॉर्नर मस्त जातोय, पण हळू आणि घट्ट वळणात आत शिरताना अजून नाक थोडं ढकलतंय, बाहेरची कड किंचित गरम येते. आता अँटी रोल बारला हात लावावा का?

वहीवाला

वाचून फार आनंद झाला, विशेषतः परत २६ करून बघितलंत याचा.

बार अजून नको. बाहेरची कड गरम आहे म्हणजे आधी कॅम्बर, पुढे अर्धा डिग्री निगेटिव्ह वाढवा आणि कॅम्बर बदलला की टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) पण हलतो, तो दोरी लावून परत मोजा. ड्रायव्हर आपल्या जागी बसलेला आणि टाकी अर्धी भरलेली असतानाच मोजा. हळू वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडला जातोय का तेही त्याला विचारा, पुढच्या चाकांवरचा भार उडाला की नाक बाहेर जाणारच, तेव्हा पाय हळूहळू उचलायला सांगा. पण हे दोन्ही एकाच फेरीत नको. पाय आधी, कॅम्बर नंतर. आणि हब बदलल्याशिवाय यातलं काहीच करू नका, चाकात प्ले असेल तर कॅम्बरचा आकडाच खोटा येईल.