जुने केसपेपर नावाफोटोसकट खुले करावेत का?

हस्ताक्षर:
अ‍ॅक्रोमेगाली म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन (वाढीचं संप्रेरक) प्रमाणाबाहेर स्रवण्याचा आजार. त्यात हात, पाय आणि चेहरा मोठे होत जातात. १८८६ मध्ये फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी त्याला हे नाव दिलं. त्यानंतरच्या कितीतरी जुन्या नोंदींत रुग्णांचे फोटो आहेत, तळहात पुढे धरलेले, चेहरा स्पष्ट. माझं मत ठाम आहे: मजकूर खुला करा, पण नाव आणि चेहरा झाका. ही माणसं उपचारासाठी आली होती.

चौकस:
मला अजिबात पटत नाही. या आजाराचा पहिला संशयच चेहऱ्यावरून येतो. माझ्या मावशीचा आजार आठ वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. अंगठी कापून काढावी लागली, चपलेचा नंबर दोनदा वाढला, तरी सगळे म्हणत, वय झालं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने फोटो मागवून टेबलावर ओळीने मांडले. जबडा, भुवया, नाक, सगळं हळूहळू बदलत गेलेलं!

आणि चार्ल्स बर्नचं काय? हाच हार्मोन वाढीच्या वयात जास्त स्रवला, तर उंची अफाट वाढते. हा साडेसात फुटांहून उंच आयरिश माणूस १७८३ मध्ये वारला. १९०९ मध्ये शल्यविशारद कुशिंग आणि शरीररचनातज्ज्ञ कीथ यांनी त्याची कवटी उघडली, तर पिट्युटरी बसते ती खोबण मोठी निघाली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत एआयपी नावाच्या जनुकातला दोष सापडला. तोच दोष उत्तर आयर्लंडमधल्या चार कुटुंबांत आजही आहे. नाव पुसलं असतं तर हा धागा जुळला असता का?

हस्ताक्षर:
मावशींचे फोटो मावशींनी स्वतः दिले, चौकस. बर्नला समुद्रात दफन हवं होतं. जॉन हंटर या लंडनच्या शल्यविशारदाने पैसे मोजून त्याचा देह मिळवला आणि सांगाडा दोनशेहून अधिक वर्षं लोकांसमोर राहिला. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा तो प्रदर्शनात ठेवला नाही, पण संशोधनासाठी अजून ठेवलेलाच आहे.

पाऊलखुणा:
हस्ताक्षरताईंशी सहमत. याच हार्मोनमुळे वाढत गेलेला अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो, उंची २७२ सेंमी, १९४० मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी गेला. कुणी उकरू नये म्हणून घरच्यांनी त्याची शवपेटी काँक्रीटमध्ये बंदिस्त केली. मुलाच्या मरणात आईवडिलांना ही काळजी करावी लागली, हे वाचून मला रडू आलं.

चौकस:
नावाऐवजी क्रमांक घाला, मान्य. वंशावळ जोडता आली म्हणजे झालं. पण चेहरे झाकू नका.

हस्ताक्षर:
विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना जरूर दाखवा. सगळ्यांसाठी नको.

चौकस:
आणि आमच्यासारख्या घरच्यांनी? असा एक फोटो मी आधी पाहिला असता, तर मावशीला मीच डॉक्टरकडे नेलं असतं.